धक्का कुठे जिरतो? प्रस्तरारोहणातल्या ब्रेकची वाटचाल

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोरच्या टेबलावर आठ-दहा उपकरणं मांडून ठेवली आहेत. सगळ्यांत जुना ब्रेक तेवढा त्यात नाही, कारण तो म्हणजे माणसाची पाठ. प्रस्तरारोहणाच्या इतिहासातला निम्म्याहून अधिक काळ दोर अडवायचं काम पाठीनं, खांद्यानं आणि तळहातांनी केलं आहे. धातूचा बिले डिव्हाइस, म्हणजे पडणाऱ्याचा दोर अडवणारं उपकरण, ही जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची गोष्ट.

जे चढाई करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दोराच्या एका टोकाला लीडर असतो, तो पुढे चढतो. खाली बिलेयर असतो, तो दोर हळूहळू सोडत राहतो आणि लीडर पडला तर अडवतो. लीडर वर जाताना कातळातल्या बोल्टमध्ये किंवा फटीत बसवलेल्या नटमध्ये (धातूच्या पाचरीत) कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, लावतो आणि त्यात दोर अडकवतो. शेवटच्या कॅराबिनरच्या तीन मीटर वर असताना त्याचा हात सुटला, तर आधी तो तीन मीटर खाली, कॅराबिनरच्या पातळीला येतो आणि मग तितकाच आणखी खाली जातो. झाले सहा मीटर. वर दोराची ढील आणि दोराचं लांबणं वेगळंच. एवढ्या पडण्यात जमा झालेली ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी.

ब्रेकचं काम दोर थांबवणं, असं आपण सहज म्हणतो. नुसतं थांबवायचंच असेल तर ब्रेक कशाला हवा, दोर झाडाला बांधून टाका. थांबेल. पण थांबताना जो हिसका बसेल तो कोणी सोसायचा? दोरानं, पडणाऱ्याच्या कमरेनं, वरच्या बोल्टनं, की बिलेयरच्या हातानं? गेल्या दीडशे वर्षांत हा वाटा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेला आणि उपकरणं त्याच्या मागे मागे बदलत गेली. माझ्या मते ब्रेकचा इतिहास हा दोराच्या इतिहासाची सावली आहे. दोर बदलला की दहा-वीस वर्षांत ब्रेक बदलतो. हे ध्यानात ठेवलं की टेबलावरची एकेक वस्तू तशीच का आहे ते कळायला लागतं.

सुरुवात आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरापासून करू. १४ जुलै १८६५. पहिल्यांदाच माथा गाठून सात जण उतरत होते, सगळे एकमेकांना दोरानं बांधलेले. हॅडो घसरला आणि त्याच्या खाली असलेल्या मिशेल क्रोझवर आदळला. त्या दोघांच्या ओढीनं हडसन गेला, मग लॉर्ड फ्रान्सिस डग्लस. त्यांच्या वर थोरला पीटर टाउगवाल्डर, एडवर्ड व्हिम्पर आणि धाकटा पीटर होते. ते खडकाला बिलगून घट्ट उभे राहिले. डग्लस आणि थोरला पीटर यांच्या मधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. तुटलेला तुकडा त्यांच्याकडच्या दोरांपैकी सगळ्यांत कच्चा निघाला, म्हणून पीटरवर संशय घेतला गेला, चौकशी झाली. तो वाद आपण बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की त्या दिवशी तिथे ब्रेक नावाची वस्तूच नव्हती. चार माणसांचा सगळा हिसका एका न ताणणाऱ्या दोरावर एकदम आला. आणि समजा तो तुटला नसता, तर वरचे तिघं तो हिसका पेलून जागच्या जागी उभे राहिले असते असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

हेम्प आणि मनिला या वनस्पतीच्या धाग्यांचे दोर फारसे ताणत नाहीत. म्हणून त्या काळचा नियम अगदी सरळ होता: लीडरनं पडायचं नाही. दोर होता तो प्रामुख्यानं मागून येणाऱ्या सेकंडसाठी. सेकंडला वरून धरायचं म्हणजे दोर खांद्यावरून किंवा पाठीमागून घ्यायचा आणि दोन्ही हातांनी पकडायचा. खांद्यावरून घेतला तर ओढ लागली की माणूस कमरेत वाकतो आणि तोल जातो. कमरेमागून घेतला तर ओढ शरीराच्या मध्याजवळ येते, बसून पाय खडकाला रोवता येतात. हा हिप बिले कितीतरी बरा. बर्फावर, जिथे अँकर, म्हणजे दोर बांधायची पक्की जागा, भरवशाचा नसतो, तिथे तो आजही वापरतात.

पण माणसाची पाठ दोर धरू तरी कशी शकते? हाताच्या मुठीत फार ताकद नसते. त्याचं उत्तर अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं देऊन ठेवलं होतं. बंदरावर खलाशी जाडजूड खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि अख्खं जहाज एका हातानं धरून ठेवतो, ते तुम्ही पाहिलं असेल. दोर एखाद्या गोल वस्तूभोवती वळला की घर्षणामुळे दोन टोकांवरच्या ओढीत फरक पडतो, आणि हा फरक वेढ्याच्या कोनाबरोबर बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. घर्षणांक ०.३ धरू. अर्ध्या वेढ्यात मुठीची पकड सुमारे अडीच पट होते. पूर्ण वेढ्यात साडेसहा पट. दीड वेढ्यात जवळजवळ सतरा पट. म्हणजे मुठीत वीस किलोची पकड असेल तर अर्ध्या वेढ्यानं पन्नास किलो धरता येतात आणि दीड वेढ्यानं सव्वातीनशेहून जास्त. खुंटा जाड आहे की बारीक, यानं या हिशेबात काही फरक पडत नाही. किती कोनात वळवलात, एवढाच प्रश्न.

टेबलावरचं प्रत्येक उपकरण म्हणजे दोराला वळवायची निरनिराळी युक्ती आहे. हे एक सूत्र माहीत असलं की उपकरणांची नावं विसरलात तरी चालेल.

आता १९३० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात येऊ. बर्कली शहरात क्रॅगमाँट नावाचा एक छोटा कातळ आहे. रिचर्ड लेनर्ड नावाचा तरुण वकील आणि त्याचे मित्र तिथे जे करत होते ते युरोपातल्या जुन्या मंडळींना वेडेपणाच वाटलं असतं: ते मुद्दाम पडत होते. लेनर्डचं म्हणणं असं, की लीडर कधी ना कधी पडणारच, तेव्हा त्याला धरायचा सराव झालाच पाहिजे. मनिलाचा दोर हिसका सोसत नाही ना? मग बिलेयरनं तो एकदम आवळायचाच नाही. कमरेभोवतून थोडा घसरू द्यायचा आणि हळूहळू पकड घट्ट करत आणायची. याला डायनॅमिक बिले म्हणतात. दोर ताणला जाऊन धक्का जिरवत नव्हता, ते काम बिलेयरनं आपल्या तळहातांनी केलं. धक्का जिरायची जागा पहिल्यांदा कोणी ठरवून निवडली असेल तर ती इथे. चामड्याचे हातमोजे अर्थातच हवेत, नाहीतर तळहाताची सालटी निघणार.

लेनर्डबरोबर पुढे आर्नोल्ड वेक्सलर हा शास्त्रज्ञ काम करू लागला. १९५० साली ‘अमेरिकन अल्पाइन जर्नल’मध्ये त्यानं या सगळ्याचं गणित मांडलं. त्यातला निष्कर्ष पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. दोर घसरू न देता धरला, तर धक्का किती बसेल हे माणूस किती पडला यावर ठरत नाही. पडण्याची लांबी भागिले मध्ये असलेल्या दोराची लांबी, या भागाकारावर ठरतं. म्हणजे एक मीटर दोरावर दोन मीटर पडणं आणि दहा मीटर दोरावर वीस मीटर पडणं, दोन्हींत दोरावरचा कमाल ताण सारखाच. कारण उघड आहे. पडणं जितकं लांब तितकी ऊर्जा जास्त, पण दोर जितका लांब तितकी ती जिरवायला जागाही जास्त. या भागाकाराला आज आपण फॉल फॅक्टर म्हणतो. नेहमीच्या चढाईत तो जास्तीत जास्त दोन होऊ शकतो. लीडरनं बिलेयरच्या वर एकही कॅराबिनर लावलेला नाही आणि तो बिलेयरला ओलांडून खाली पडला, तर. लांब पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. बिलेयरच्या जवळच, थोड्याशा दोरावर पडणं जास्त वाईट, हे गणितानं दाखवलं.

शरीर हाच ब्रेक, या पद्धतीची कमाल बघायची असेल तर के-टू, १० ऑगस्ट १९५३. चार्ल्स ह्यूस्टनच्या नेतृत्वाखालची अमेरिकन मोहीम. आर्ट गिल्कीच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, त्याला स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून वादळात खाली उतरवत होते. उंची साडेसात हजार मीटरच्या आसपास. जॉर्ज बेलचा पाय घसरला, त्याच्यामागून टोनी स्ट्रीदर ओढला गेला. त्यांचा दोर ह्यूस्टन आणि बेट्स यांच्या दोरात अडकला, तो पुढे मोलनारच्या दोरात. पाच जण घसरत निघाले. वर सव्वीस वर्षांचा पीट शॉनिंग गिल्कीला धरून होता. त्यानं आपली आइस ॲक्स बर्फात गोठलेल्या एका दगडामागे रोवलेली होती. दोर तिच्या दांड्याभोवतून, मग स्वतःच्या कमरेभोवतून घेतला होता. गिल्कीसकट सगळ्यांचा भार त्या एका दोरावर आला आणि शॉनिंगनं तो धरला. सगळे थांबले. गिल्की त्यानंतर काही वेळातच दिसेनासा झाला, बहुधा हिमप्रपातानं ओढून नेलं. पण बाकीचे सगळे परतले. लाकडी दांड्याची ती ॲक्स आज कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या गिर्यारोहण संग्रहालयात आहे.

या प्रसंगाला चढाईच्या जगात नुसतं ‘द बिले’ म्हणतात, आणि शॉनिंगच्या धीराला तोड नाहीच. पण ऑयलरच्या नजरेनंही त्याच्याकडे बघा. ॲक्सच्या दांड्याभोवती वळण, कमरेभोवती वळण: कोन आपोआप वाढलेला होता. शिवाय दोर नायलॉनचा होता, ताणणारा. मनिलाच्या दोरानं तो भार पेलला असता का, मला शंका आहे.

नायलॉनचा दोर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी आला आणि युद्धानंतर चढाईत रुळला. मग १९५३ मध्ये, योगायोगानं त्याच वर्षी, जर्मनीतल्या एडेलरिड या कंपनीनं कर्नमँटल दोर काढला: आत समांतर धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेलं आवरण. पीळ घातलेल्या दोरावर लोंबकळलं की माणूस गरगर फिरतो, तसा या दोरावर फिरत नाही. आणि पृष्ठभाग गुळगुळीत. हा गुळगुळीतपणा पुढे फार महत्त्वाचा ठरला, कारण असा दोर धातूतून सहज सरकतो. पिळाच्या दोरावर आजचे बिले डिव्हाइस नीट चाललेच नसते. आज दोराच्या चाचणीत ८० किलोचं वजन सुमारे १.७७ फॉल फॅक्टरनं सोडतात. पहिल्या वेळी धक्का १२ किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे आणि दोरानं असे किमान पाच झटके तुटल्याशिवाय सोसले पाहिजेत. धक्का जिरवायचं खातं आता दोराकडे गेलं. बिलेयरनं दोर कौशल्यानं घसरू द्यायची पूर्वीइतकी गरज उरली नाही. ब्रेकनं नुसतं धरलं तरी भागू लागलं.

धातूचा ब्रेक येण्याआधी आणखी एक गोष्ट व्हायला हवी होती. ब्रेक अडकवायचा कशाला? तोवर बहुतेक जण दोर थेट कमरेला बांधत. डॉन व्हिलन्स या ब्रिटिश गिर्यारोहकाच्या नावाचा सीट हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, १९७० साली अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरच्या ब्रिटिश मोहिमेसाठी ट्रोल कंपनीनं बनवला. मांड्यांवर भार घेणारे हार्नेस सर्रास मिळू लागले, तेव्हा कमरेपुढे एक पक्की जागा तयार झाली.

त्याच सुमारास जर्मनीत श्टिख्ट प्लेट आली, सालेवा कंपनीची. ही बघा, गोल चकती आहे, मध्ये एक लांबट भोक. दुहेरी दोरासाठी दोन भोकं. दोराचा एक फास भोकातून आत घालायचा आणि हार्नेसवरच्या लॉकिंग कॅराबिनरमध्ये अडकवायचा. झालं. दोर चकतीच्या काठावरून, मग कॅराबिनरभोवती, मग पुन्हा काठावरून जातो. दिसायला इतकं किरकोळ, की ते सुचायला एवढी वर्षं का लागली असा प्रश्न पडतो. तिचा दोष असा, की दोर सोडताना चकती कॅराबिनरला चिकटून बसते आणि दोर अडकतो. म्हणून काही प्लेटना मागे स्प्रिंग लावली.

प्लेटची खरी मेख ब्रेक धरणाऱ्या हातात आहे, आणि ही गोष्ट नंतरच्या सगळ्या ट्यूबनाही लागू आहे. चढणाऱ्याकडे जाणारा दोर वर आहे. ब्रेकचा हात खाली, मांडीजवळ असेल, तर दोर काठावरून पूर्ण मुरडून येतो, जवळजवळ एक वेढा पूर्ण होतो: साडेसहा पट. हात वर नेऊन दोन्ही दोर समांतर केले, तर उरतो तो कॅराबिनरभोवतीचा अर्धा वेढा: अडीच पट. तोच माणूस, तीच मूठ, आणि फक्त हात एक फूट वर गेला म्हणून निम्म्याहून कमी पकड. दोर आत घेताना ब्रेकचा हात वर रेंगाळू देऊ नका, लगेच खाली आणा, असं प्रशिक्षक ओरडून का सांगतात ते या आकड्यांत आहे.

याच्या अगदी उलट मुंटर हिच. ही गाठ आहे, उपकरण नाही. एक मोठा, नासपतीच्या आकाराचा कॅराबिनर आणि दोर, बस. वेर्नर मुंटर या स्विस गाइडनं १९७० च्या दशकात ती लोकांपर्यंत नेली, म्हणून तिला त्याचं नाव पडलं. इटलीतले चढाईकर त्याच्या आधीपासून ती वापरत होते. इथे दोर दोरावरच घासतो. आणि दोन्ही दोर समांतर असताना, म्हणजे हात वर असताना, ती सगळ्यांत जास्त पकडते. त्यामुळे ज्यांचा हात वर्षानुवर्षं मुंटरवर तयार झाला होता ते ट्यूबकडे वळले, तेव्हा त्यांची जुनी सवय नेमकी चुकीच्या जागी हात ठेवत होती. नव्या उपकरणाबरोबर जुना हात येतो, ही अडचण कारखान्यात सुटत नाही. मुंटर दोराला वेडावाकडा पीळ घालते म्हणून लोक तिच्यावर चिडतात. तरी ती प्रत्येकाला आलीच पाहिजे असं मी आग्रहानं सांगतो. डिव्हाइस हातातून निसटून दरीत गेला तर दुसरं काय करणार?

फिगर ऑफ एट या आठाच्या आकाराच्या कडीबद्दल फार बोलत नाही. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, छान, उष्णता लवकर सोडतो. बिलेला वापरतात, पण पकड हलकी असते आणि दोराला पीळ पडतो. गुहांमध्ये उतरणाऱ्यांची शाखा मात्र अगदी वेगळ्या वाटेनं गेली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात जॉन कोलनं रॅपल रॅक बनवला: लांब यू आकाराच्या सळईवर आडव्या पट्ट्या, दोर त्यांच्यातून नागमोडी जातो. शंभर मीटरच्या उभ्या विहिरीत वरून उतरायला लागलं की खाली लोंबणाऱ्या दोराचं वजनच ब्रेक लावतं. जसजसं खाली जावं तसं ते वजन कमी होतं. मग पट्ट्या कमी-जास्त करून घर्षण जुळवायचं. कातळावर याची गरज पडत नाही, पण डोकं बघा.

प्लेटनंतर १९८० च्या दशकात जेफ लोच्या ट्यूबर नावाच्या डिव्हाइसनं चकतीला उंची दिली, ती नळीसारखी झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक डायमंडचा एटीसी आला आणि जगभर पसरला. काम प्लेटचंच, पण दोर अडकत नाही आणि धातू जास्त असल्यामुळे रॅपलमध्ये तापतो कमी. मग दोर बारीक होऊ लागले. अकरा मिलीमीटरचे साडेदहा झाले, साडेनऊ झाले, आता तर एकेरी दोर नऊच्याही खाली मिळतो. बारीक दोर त्याच ट्यूबमधून सटासट धावतो. म्हणून ट्यूबच्या ब्रेकच्या बाजूला दातेरी खाचा आल्या. रेव्हर्सोसारख्या डिव्हाइसना वर एक जादा भोक आलं, त्यातून तो अँकरवर टांगता येतो. तसा टांगला की सेकंडवर ओढ आली की वरचा दोर खालच्याला दाबून आपोआप अडवतो.

आता हा डबा बघा. १९९१, पेट्झलचा ग्रिग्री. पेट्झल मुळात गुहांतल्या मंडळींची कंपनी. फर्नांड पेट्झल स्वतः गुहा धुंडाळणारा, आणि ब्रेक सोडला की आपोआप धरणारा डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायचं उपकरण, त्यांच्याकडे आधीपासून होता. ग्रिग्रीच्या आत एक फिरणारा कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला धातूचा तुकडा, आहे. दोर त्याच्याभोवती जातो. सावकाश ओढला तर सरकतो. जोरात ओढ आली की घर्षणानं कॅम फिरतो आणि दोर चिमटीत पकडतो. हँडल ओढलं की चिमटा सैल. इथे पहिल्यांदा मुठीची पकड वाढवायचा खेळ थांबला. उपकरणानं स्वतःच पकडायला सुरुवात केली.

बरेच जुने चढाईकर त्याच्यावर नाखूश होते, आणि त्यांची एक तक्रार अगदी रास्त होती. लीडरला भराभर दोर द्यायचा तर कॅम मध्येच आवळतो. मग बिलेयर काय करणार? अंगठ्यानं कॅम दाबून धरणार. आणि नेमका त्याच क्षणी लीडर पडला तर कॅम फिरायला मोकळाच नाही! दुसरं म्हणजे, उतरवताना घाबरलेला माणूस हँडल सोडत नाही, आणखी घट्ट ओढतो. तिसरं, दोर उलटा ओवला तर काहीच आवळत नाही; म्हणून तर त्याच्यावर हाताचं आणि चढणाऱ्याचं चित्र कोरलेलं आहे. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर नंतर इलाज शोधले गेले. पहिला ग्रिग्री दहा-अकरा मिलीमीटरच्या दोरांचा होता. २०११ च्या ग्रिग्री २ मध्ये ही मर्यादा ८.९ पर्यंत खाली आली, पुढच्यांमध्ये ८.५ पर्यंत. पुन्हा तेच: दोर बारीक झाला, ब्रेक त्याच्यामागे धावला. २०१७ च्या ग्रिग्री प्लसमध्ये हँडल जास्तच ओढलं तर ब्रेक पुन्हा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या निऑक्समध्ये दोर फिरत्या चाकावरून जातो, त्यामुळे दोर देताना कॅम दाबायचा मोहच होत नाही. मला यांतला निऑक्सचा विचार सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. माणसानं वाईट सवय सोडावी अशी अपेक्षा धरण्याऐवजी त्या सवयीचं कारणच काढून टाकलं आहे.

मधल्या काळात मामुटचा स्मार्ट, एडेलरिडचे जूल असे कॅम नसलेलेही डिव्हाइस आले. त्यांत कॅराबिनरच खाचेत सरकून दोर दाबतो. हलके, स्वस्त, आत काही हलणारं नाही. पण कॅराबिनरचा आकार चुकला तर तो सरकत नाही आणि अडवतही नाही. उत्पादक सांगतो तोच कॅराबिनर वापरायचा, यात घासाघीस नको. २०१२ पासून युरोपच्या ईएन १५१५१ या मानकात यांचे दोन भाग पाडले आहेत: अडवायला मदत करणारे आणि निव्वळ हातावर चालणारे. जर्मन अल्पाइन क्लब आता पहिल्या प्रकाराची शिफारस करतो. मीही करतो. हात सुटतात, माणसं गप्पा मारतात, दगड पडून बिलेयर बेशुद्ध होऊ शकतो. मात्र जाहिरातीतला ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द मला खटकतो. मदत करणारे म्हणा. ब्रेकच्या दोरावरून हात काढायची मुभा त्यातला एकही देत नाही.

आता धक्क्याकडे परत येऊ. ग्रिग्री दोर जवळजवळ घसरूच देत नाही. ट्यूबमधून मोठ्या धक्क्यात थोडा दोर सरकतो, तेवढी ऊर्जा तिथे जिरते. ग्रिग्रीत ते दार बंद. धक्क्याच्या वेळी वरच्या कॅराबिनरवर दोन्ही बाजूंची ओढ एकत्र येते. घर्षण धरूनही पडणाऱ्याला बसते त्याच्या साधारण एक पूर्णांक दोन-तृतीयांश पट. बोल्टला त्याचं काही नाही. पण फटीत बसवलेला छोटा नट असेल, किंवा बर्फातला स्क्रू, तर विचार करावा लागतो. म्हणून अशा चढाईत अनुभवी लोक अजून ट्यूब वापरतात. मला ते पटतं.

आणि बोल्टच्या मार्गांवर काय झालं? तिथे धक्का बिलेयरच्या पायांकडे गेला. ओढ येते त्या क्षणी बिलेयर किंचित उडी मारतो किंवा दोन पावलं कातळाकडे जातो, त्याचं शरीर थोडं वर उचललं जातं, आणि लीडर भिंतीवर न आपटता मऊसा थांबतो. लेनर्ड जे तळहातातून करत होता तेच आजचा बिलेयर सगळ्या शरीरानं करतो. फक्त हे वजनावर अवलंबून आहे. बिलेयर हलका आणि लीडर जड असेल तर बिलेयर उडी न मारताच हवेत जातो आणि पहिल्या कॅराबिनरला जाऊन आदळतो. त्यासाठी २०१६ मध्ये एडेलरिडनं ओम काढला. तो पहिल्या बोल्टला लावायचा. पडल्यावर तो दोराला घर्षण देतो आणि बिलेयरवरचा भार कमी करतो. जड बिलेयर आणि हलका लीडर, ही उलटी जोडी असेल तर त्यावर उपकरण नाही. तिथे बिलेयरला पाय हलवायला शिकावंच लागतं, नाहीतर मूल किंवा हलका माणूस दर वेळी कातळावर जोरात आपटतो.

प्रश्न आला आहे की नवीन शिकणाऱ्यानं पहिला कोणता डिव्हाइस घ्यावा. मी आधी ट्यूब शिकवीन, जमिनीवर, मागे दुसऱ्या कोणीतरी दोर धरलेला असताना. हाताची जागा पक्की झाली की ग्रिग्रीसारखं काहीतरी द्या आणि रोजच्या चढाईला तेच राहू द्या. उलट क्रमानं शिकलेल्यांचा ब्रेकचा हात सैल राहतो, असं मी बघत आलो आहे.

दुसरा प्रश्न, आपोआप अडवणारा डिव्हाइस असताना अपघात होतात तरी कसे. वर सांगितले त्या प्रकारांशिवाय एक फार साधा प्रकार आहे. मार्ग पस्तीस मीटरचा आणि दोर साठ मीटरचा. चढताना काही जाणवत नाही. वरून खाली उतरवताना सत्तर मीटर लागतो. शेवटचे दहा मीटर राहिले असताना दोराचं मोकळं टोक कॅमच्या भोवतून निघून जातं, आणि तेव्हा पकडायला तिथे दोरच नसतो. यासाठी कोणत्याही कंपनीनं काही काढलेलं नाही, काढायची गरजही नाही. चढाई सुरू करण्यापूर्वी बिलेयरच्या बाजूच्या टोकाला एक जाड गाठ मारा. ती डिव्हाइसच्या तोंडाशी येऊन अडते, आणि लीडर जमिनीपासून दहा मीटरवर लटकत राहतो. तिथून पुढे त्याला कसं उतरवायचं ते शांतपणे ठरवता येतं.